पूर ओसरला, वजनं घसरली

पूर येणाऱ्या गावांतल्या पाच वर्षांखालच्या मुलांच्या पोषणाबद्दल वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी काही इथे घेतले आहेत. उत्तरं बालपोषण आणि गावपातळीवरच्या पाणीपुरवठ्याचं काम करणाऱ्या जाणकारांनी मिळून लिहिली आहेत.

पर्लकोटा नदीला पूर आला आणि चार दिवस रस्ता बंद होता. पाणी उतरल्याबरोबर सगळ्या मुलांची वजनं घेतली, तेव्हा काहीच फरक नव्हता. दीड महिन्याने पाहिलं तर दंडघेराच्या पट्टीवर पाच मुलं पिवळ्या (मध्यम कुपोषित) पट्ट्यात आणि एक लाल (तीव्र कुपोषित). रेशनचं धान्य तर सगळ्या घरांना मिळालं होतं. मग हे झालं कसं?
(अंगणवाडी सेविका, भामरागड तालुका)

तुमचं पहिलं माप चुकलेलं नाही, ते फार लवकर घेतलं गेलं. पुराच्या चार दिवसांत मूल कुपोषित होत नाही. घरात जे असेल ते आधी लेकराला मिळतं, आणि तेवढ्या दिवसांत वजन फारसं हलत नाही. खरी घसरण पाणी ओसरल्यानंतर दुसऱ्या ते आठव्या आठवड्यात होते. त्या वेळी रस्ता सुरू झालेला असतो, पंचनामे उरकलेले असतात आणि गाव पूर्वपदावर आलं असं सगळे धरून चालतात.

आधी बिघडतं ते पाणी. विहीर बुडालेली असते, हातपंपाच्या ओट्याखाली गाळ शिरलेला असतो, आणि उकिरडे, शेण, उघड्यावरची घाण त्याच पाण्यात मिसळलेली असते. आठ-दहा दिवसांत घरोघरी जुलाब सुरू होतात. जुलाब लागलेलं मूल कमी खातं, आतड्याचं अस्तर झिजल्यामुळे खाल्लेलंही अंगी लागत नाही, आणि शरीरातलं झिंक वाहून जातं. झिंक कमी झालं की पुढचा जुलाब लवकर लागतो. त्यातून सावरतंय तोवर डबक्यांत डास झालेले असतात. गडचिरोलीत मलेरियाचा जोर किती, हे तुम्हाला सांगायला नको. ताप एक अंश सेल्सिअसने वाढला की शरीराची ऊर्जेची गरज साधारण दहा टक्क्यांनी वाढते आणि नेमकी तेव्हाच भूक मरते.

तुमच्या गावांत याहून मोठं कारण मात्र रोवणी (भाताची लावणी) आहे. रोवलेलं धान आठवडा-दहा दिवस पाण्याखाली राहिलं की सडतं. पऱ्हे (रोपं) शिल्लक असतील तर दुबार रोवणी, नसतील तर दुसऱ्याच्या बांधीत (धानाच्या शेतात) मजुरी. आई सकाळी बाहेर पडते ती दिवस मावळल्यावर परत येते. दीड वर्षाचं मूल सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर असतं. घरात तांदूळ आहे, पण दिवसातून चार-पाच वेळा बसून भरवणारं माणूस नाही. ‘धान्य मिळालं होतं’ हे खरं असूनही मुलं पिवळ्यात का गेली, याचं उत्तर बरंचसं इथे आहे.

ओडिशातल्या जगतसिंगपूर जिल्ह्यात २००८ च्या पुरानंतर मुलांची पाहणी झाली होती. ज्या मुलांच्या आयुष्याच्या पहिल्या वर्षात पूर आला होता, त्यांच्यात खुरटलेल्या मुलांचं प्रमाण पूर न आलेल्या गावांतल्या मुलांपेक्षा जास्त आढळलं. म्हणजे पुरानंतरच्या यादीत सर्वांत वर नाव हवं ते एक वर्षाच्या आतल्या मुलांचं. सहसा उलट होतं: ती अंगावर पितात म्हणून सुरक्षित समजली जातात आणि यादीत तळाला जातात.

तेव्हा पाणी ओसरल्यावर दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या आणि आठव्या आठवड्यात माप घ्या, आणि पुढे धान कापणीपर्यंत दर महिन्याला. ‘वजन कमी झालेलं नाही’ यावर समाधान मानू नका. एक ते दोन वर्षांचं निरोगी मूल महिन्याला साधारण २०० ग्रॅम वाढतं. वजनाची रेघ महिनाभर आडवी राहिली तर ती घसरणच समजा.

आमच्याकडे दंडघेराची पट्टी आहे, पण एकाच मुलाचं माप आशाताईंचं वेगळं येतं आणि माझं वेगळं. बरोबर कोणाचं?
(अंगणवाडी मदतनीस, सिरोंचा तालुका)

बहुतेक वेळा फरक मध्यबिंदूत असतो. डावा हात कोपरात काटकोनात वाकवा, खांद्याच्या हाडाचं टोक आणि कोपराचं टोक यांच्यामधलं अंतर मोजा आणि बरोबर निम्म्यावर पेनाने खूण करा. आता हात सरळ करून सैल सोडा. पट्टी खुणेवर गुंडाळा. कातडीला सुरकुती पडली तर घट्ट झाली, खालून उजेड दिसला तर सैल राहिली. माप मिलिमीटरपर्यंत वाचा. ११.५ सेंटीमीटरपेक्षा कमी म्हणजे लाल, तीव्र कुपोषित. ११.५ ते १२.५ पर्यंत पिवळा. १२.५ आणि त्यावर हिरवा. मूल रडत असेल तर दंडाचे स्नायू आवळलेले असतात, ते शांत झाल्यावरच मोजा. सहा महिन्यांखालच्या बाळाला ही पट्टी लावायची नाही.

हिरवा रंग दिसला म्हणून पाय पाहायचे सोडू नका. दोन्ही पावलांच्या वरच्या बाजूला अंगठ्याने तीन सेकंद दाबा. बोट काढल्यावर दोन्हीकडे खळगा राहिला तर ते मूल तीव्र कुपोषित आहे, पट्टी आणि वजन काहीही सांगो. सुजेच्या पाण्याने वजन वाढलेलं दिसतं, म्हणून अशी मुलं वजनाच्या नोंदीत हमखास सुटतात.

उंचीतही एक नेहमीची चूक होते. दोन वर्षांखालच्या मुलाची लांबी झोपवून घ्यायची, त्यावरच्या मुलाची उंची उभं करून. उभं केलेलं माप साधारण ०.७ सेंटीमीटरने कमी येतं. एका महिन्यात झोपवून आणि पुढच्या महिन्यात उभं करून मोजलं, तर मूल कागदावर आखूड होतं. वजनकाट्याचं म्हणाल तर काटा सपाट, कडक जागेवर ठेवा आणि ओले कपडे काढा. पावसाळ्यात ओलं झबलं आणि कमरेचा करदोटा-घुंगरू मिळून शे-दोनशे ग्रॅम सहज होतात, म्हणजे महिन्याभराची वाढ तिथेच ‘सापडते’.

चौदा महिन्यांच्या मुलीला जुलाब लागले की सासूबाई खाणं बंद करायला सांगतात, पोटाला आराम म्हणून. ओआरएस दिलं तर ती ओकते. काय करावं?
(एक आई, शिरोळ तालुका, जि. कोल्हापूर)

पोटाला आराम द्यायचा नाही. आतड्याचं झिजलेलं अस्तर भरून यायला अन्नच लागतं. अंगावरचं दूध चालू ठेवा, किंबहुना वाढवा. खिचडी, मऊ भात-वरण, केळं, दही थोडं थोडं पण वारंवार द्या. जुलाब थांबल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्तीचं, कारण गमावलेलं वजन तेव्हाच भरून निघतं. सासूबाईंना ‘उपाशी ठेवू नका’ एवढंच सांगून भागणार नाही. कोणता पदार्थ, किती वेळा, हे ठरवून त्यांच्याच हातात वाटी द्या.

ओआरएसचं पाकीट आधी वाचा. मोठं, साधारण साडेवीस ग्रॅमचं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं, चार-सव्वाचार ग्रॅमचं छोटं २०० मिलिलिटरसाठी. मोठं पाकीट पेलाभर पाण्यात कालवलं की मीठ कितीतरी पट होतं. मूल ओकतं आणि तहान आणखी वाढते. तुमच्या मुलीच्या बाबतीत हेच होत नाही ना, ते आधी तपासा. लिटर मोजायला पाण्याची एक लिटरची रिकामी बाटली पुरेशी आहे. पाकिटातून चिमटी-चिमटी काढून वापरू नका. पूर्ण पाकीट एकदाच कालवा आणि २४ तासांनी उरलेलं फेकून द्या. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. दुकानातली गोड पेयं ओआरएससारखी दिसली तरी त्यांत साखर जास्त असते आणि तिने जुलाब वाढतात.

प्रत्येक पातळ शी झाल्यावर दोन वर्षांखालच्या मुलाला ५० ते १०० मिलिलिटर, म्हणजे पाव ते अर्धा कप. एकदम पाजू नका. दर मिनिटाला एक चमचा द्या. ओकलं तर दहा मिनिटं थांबा आणि मग आणखी हळू सुरू करा.

झिंकची गोळी २० मिलिग्रॅमची असते. सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज एक, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला अर्धी, चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात विरघळवून. पूर्ण १४ दिवस. तिसऱ्या दिवशी जुलाब थांबले म्हणून बहुतेक घरांत गोळ्या बंद होतात, आणि पुढच्या जुलाबापासून मिळणारं संरक्षण तिथेच संपतं.

डोळे खोल गेले, मूल पिईनासं झालं, सुस्त पडलं, शीमध्ये रक्त दिसलं किंवा सहा तास लघवी झाली नाही, तर घरी थांबू नका. मूल आधीपासून लाल पट्ट्यातलं असेल किंवा पायावर सूज असेल, तर जुलाब लागताच दवाखाना गाठा. अशा मुलाच्या शरीरात मीठ आधीच साठलेलं असतं, नेहमीच्या वेगाने ओआरएस पाजलं तर हृदयावर ताण येतो. वाटेत चमचा-चमचा देत न्या, पण पुढचं प्रमाण डॉक्टरांनाच ठरवू द्या.

पूर ओसरल्यावर विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकलं तरी ओटी टेस्टला (पाण्यात क्लोरीन उरलं का हे पाहायची चाचणी) पिवळा रंग येत नाही. पावडर खराब आहे का?
(जलसुरक्षक, ग्रामपंचायत, जि. सांगली)

असू शकते. उघड्या पोत्यातलं टीसीएल दमट हवेत महिन्याभरात बरंच मरतं. पण पुरानंतर दुसरं कारण जास्त वेळा सापडतं: गढूळ पाण्यातला गाळ आणि कुजकी पानं क्लोरीन खाऊन टाकतात. म्हणून आधी गाळ-कचरा काढा. उपसा करताना मात्र कच्च्या बांधणीची विहीर एकदम कोरडी करू नका. भोवतीची जमीन पाण्याने फुगलेली असते, आतला आधार गेला की कडा ढासळते.

मग पाणी मोजा. विहिरीचा व्यास मीटरमध्ये, त्याचा वर्ग, गुणिले पाण्याची खोली, गुणिले ३.१४, भागिले ४, गुणिले १०००. तीन मीटर व्यास आणि चार मीटर पाणी असेल तर साधारण २८,००० लिटर. चांगल्या टीसीएलची नेहमीची मात्रा १,००० लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे इथे ७० ग्रॅम. पुरानंतर दुपटीने, १४० ग्रॅमने सुरुवात करा. बादलीत १०० ग्रॅमपेक्षा जास्त घेऊ नका, म्हणजे दोन बादल्या लागतील. आधी थोड्या पाण्यात खळ करा, मग बादली पाऊणभर भरून ढवळा आणि दहा मिनिटं निवळू द्या. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घ्या. तळाचा चुना विहिरीत टाकायचा नाही, त्याने पाणी फक्त जड होतं. निवळ पाण्याची बादली दोराने पाण्याच्या पातळीखाली सोडून जोरात वर-खाली हलवा. वरून ओतलं तर क्लोरीन वरच्या थरातच राहतं.

एक तास थांबून ओटी टेस्ट घ्या. रंग नाही आला तर तीच मात्रा पुन्हा. दुसऱ्यांदाही नाही आला तर पावडर बदला. विहिरीवर रंग आला म्हणून काम संपत नाही. शेवटच्या घरच्या नळावरही टेस्ट घ्या, कारण पुरात फुटलेल्या पाइपातून गटाराचं पाणी मधेच आत शिरतं. सांडपाण्यातून गेलेली नळजोडणी सापडली तर आधी ती दुरुस्त करा, तोवर टाकलेलं टीसीएल वाया.

आमचं मंडळ पूरग्रस्त भागात मदत पाठवतं. या वेळी लहान मुलांसाठी दूध पावडर, बाटल्या आणि बिस्किटं पाठवायचा विचार आहे. किती पाठवावीत?
(गणेशोत्सव मंडळाचे कार्यकर्ते, पुणे)

दूध पावडर आणि बाटल्या: शून्य. हे कडू वाटेल, पण पुराच्या छावणीत बाळासाठी दूध पावडरीच्या डब्याइतकी धोक्याची मदत क्वचितच दुसरी असेल. पावडर कालवायला तेच दूषित पाणी, बाटलीचं बूच उकळायला सरपण नाही, डबा पुरवायचा म्हणून दूध पातळ केलं जातं, आणि आठ दिवसांनी डबा संपतो तोवर अंगावरचं दूध आटलेलं असतं. बाळांच्या दुधाच्या पावडरी आणि बाटल्या वाटण्यावर १९९२ च्या केंद्रीय कायद्यानेही बंदी आहे. अनाथालयांचा तेवढा अपवाद.

‘धसक्याने आईचं दूध आटलं’ असं छावणीत हमखास ऐकू येतं. भीतीने दूध तयार होणं थांबत नाही, उतरायला थोडा वेळ लागतो. आईला आडोसा, बसायला कोरडी जागा, पाणी आणि जेवण मिळालं आणि बाळ दिवस-रात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजलं गेलं, की ते पुन्हा उतरतं. छावणीत साडी बांधून एक कोपरा आडोशाचा करा, त्याला पैसाही लागत नाही. आई दगावली असेल किंवा बाळापासून दूर अडकली असेल, तर त्या बाळाचा निर्णय डॉक्टरांनी घ्यायचा, आणि तेव्हाही वाटी-चमचाच वापरायचा.

बिस्किटांनी पोट भरतं आणि जेवण चुकतं. त्याऐवजी तेलाच्या पिशव्या, शेंगदाणे, फुटाण्याचं डाळं, गूळ, मूगडाळ पाठवा. झाकणाचे डबे, साबण आणि मच्छरदाण्या यांना तर पुरानंतरच्या दुसऱ्या महिन्यातही तितकीच किंमत असते. तीन वर्षांखालच्या मुलांना अख्खे दाणे घशात अडकतात, म्हणून ‘कूट करूनच द्या’ अशी चिठ्ठी आत टाका. आणि सगळं पहिल्याच आठवड्यात पाठवू नका. अर्धा टेम्पो पाणी ओसरल्यावर महिन्याने न्या. तेव्हा फोटो काढायला कोणी नसतं, पण तेलाची पिशवी तेव्हाच कामाला येते.

घरात रेशनचा तांदूळ आणि थोडी डाळ एवढंच आहे. वर्षाच्या मुलाला पेज देतो, पोटभर पितो, तरी वजन वाढत नाही.
(एक वडील, एटापल्ली तालुका)

पेजेने पोट भरतं, पण त्यात पाणीच जास्त. आठ किलोच्या मुलाच्या पोटात एका वेळी साधारण २४० मिलिलिटर मावतं. तेवढ्या जागेत काय भरायचं, हा प्रश्न आहे. चमचा तिरका केला तरी घरंगळणार नाही इतकं घट्ट हवं.

एका वेळेसाठी ३० ग्रॅम तांदूळ (दोन मोठे चमचे) आणि १५ ग्रॅम डाळ (एक मोठा चमचा) मऊ शिजवून घोटा. उतरवल्यावर त्यात चहाचे दोन चमचे तेल आणि भाजलेल्या शेंगदाण्याचं दोन चमचे कूट. नुसत्या तांदूळ-डाळीतून साधारण १५५ कॅलरी मिळतात, तेल आणि कूट घातलं की ३०० च्या आसपास जातात आणि वाटी तेवढीच राहते. तेल आधी घालून शिजवलं तर भांड्यालाच लागून बरंच जातं, म्हणून ते शेवटी. मोहाचं किंवा जवसाचं तेल घरात असेल तर तेही चालेल. वर्षाच्या मुलाला पाऊण ते एक वाटी, दिवसातून तीन-चार वेळा, मधे एक-दोनदा केळं, अंडं किंवा गूळ-फुटाण्याचं पीठ, आणि अंगावरचं दूध. आदिवासी भागात अमृत आहार योजनेतून अंगणवाडीत मुलांना अंडी-केळी मिळतात. रस्ता बंद असताना राहिलेली अंडी नंतर मागून घ्या, संकोच करू नका.

पुराच्या पाण्यात भिजलेला तांदूळ वाळवून खायला घालू नका. बुरशीचा वास आलेले दाणे किंवा काळे पडलेले शेंगदाणे तर अजिबात नाहीत. बुरशीचं विष धुण्याने जात नाही, शिजवण्यानेही नाही.

मूल लाल पट्ट्यात आहे, पण आई पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल व्हायला तयार नाही. घरच्या दोघांची मजुरी बुडते म्हणते.
(आशा, अहेरी तालुका)

आधी हे पाहा की दाखल करायची खरंच गरज आहे का. भूक चांगली असेल, ताप, सूज, जुलाब नसतील, तर गावातच अंगणवाडीतल्या ग्राम बालविकास केंद्रात ठेवून दिवसभरात अनेक वेळा आहार देता येतो. भूक स्वतः समोर बसून तपासा, आईच्या सांगण्यावर जाऊ नका. सूज, ताप, खाणं टाकणं, सुस्ती यांतलं एकही असेल, तर मात्र पोषण पुनर्वसन केंद्र किंवा बाल उपचार केंद्र. तिथे आईला जेवण आणि बुडीत मजुरी मिळते, हे निघण्याआधीच सांगा आणि तिचं बँक पासबुक बरोबर घ्या. घरच्या दुसऱ्या लेकरांना कोण पाहणार, हे ठरल्याशिवाय ती तिसऱ्या दिवशी परत येणार, हे गृहीत धरा. मलेरियाची आरडी किटने (झटपट निदानाच्या संचाने) चाचणी गावातूनच करून निघालात तर तिथला एक दिवस वाचतो.

पावसाळ्याआधी ग्रामपंचायतीने नेमकं काय करावं?
(सरपंच, भामरागड तालुका)

मेच्या शेवटी तीन गोष्टी. नवसंजीवनी योजना १९९५ पासून आहे आणि संपर्क तुटणाऱ्या गावांत पावसाळ्याआधी धान्य पोचवणं तिच्यात येतं. तुमच्या गावाचं नाव त्या यादीत आहे का, हे तहसीलमध्ये लेखी विचारा आणि धान्य गावातल्या सर्वांत उंच पक्क्या खोलीत ठेवा. दुसरं औषध: पाच वर्षांखालची ४० मुलं असतील तर प्रत्येकाला पावसाळ्यात दोनदा जुलाब धरून १६० मोठी ओआरएस पाकिटं आणि ११२० झिंक गोळ्या गावात हव्यात. उपकेंद्रात नकोत, कारण नाला मधे येतो. तिसरं, जुलै ते सप्टेंबरमध्ये तारीख असलेल्या गरोदर बायांची यादी. ज्या आरोग्य केंद्रात माहेरघर (बाळंतपणाआधी येऊन राहायची सोय) आहे तिथे त्यांना तारखेआधी आठवडाभर पोचवा.

पुरात पट्टी वाहून गेली. नवीन यायला महिना लागेल. शिंप्याची टेप चालेल का?
(अंगणवाडी सेविका, जि. गडचिरोली)

चालेल. रंगांत जादू नाही, आकडे खरे हवेत. कापडी टेप ताणून लांब झालेली असते, म्हणून शाळेतल्या स्टीलच्या पट्टीला लावून ० ते १५ सेंटीमीटर तपासा. एक मिलिमीटरहून जास्त फरक असेल तर ती टाकून दुसरी घ्या. जुळली तर ११.५ आणि १२.५ वर बॉलपेनने खुणा करा, आणि नवीन पट्टी आल्यावर पिवळ्या व लाल मुलांचं माप तिने पुन्हा घ्या.